घराचं क्षेत्रफळ: फूट कुठून कुठपर्यंत मोजायचे?

आई-बाबांनी २००३ साली फ्लॅट घेतला तेव्हा माहितीपत्रकावर ‘७६० चौरस फूट’ असं ठळक छापलेलं होतं. राहायला गेल्यावर महिन्याभरात बाबांनी टेप काढून सगळ्या खोल्या मोजल्या आणि वहीत बेरीज मांडली. ती ५२० च्या आसपास आली. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून त्यांनी आणखी दोनदा मोजलं. बिल्डरच्या ऑफिसात विचारायला गेले, तर ‘साहेब, सगळीकडे असंच असतं’ एवढं ऐकून परत आले. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

पुढे मी सिव्हिल इंजिनियर झाले, गृहकर्जासाठी घरांचं मूल्यांकन करायला लागले, आणि मग उलगडा झाला. बाबांची बेरीज बरोबर होती. छापलेला आकडाही एका हिशेबानंच आलेला होता. बाबा भिंतीच्या आतली फरशी मोजत होते आणि माहितीपत्रकात जिना, लिफ्ट, भिंतींची जाडी, बाल्कनी, सगळं धरलेलं होतं. ‘किती चौरस फूट?’ हा प्रश्न आपण विचारतो, पण ‘कुठून कुठपर्यंत?’ हे विचारत नाही. सगळं नुकसान तिथे होतं.

गावाकडे पूर्वी घर खणांत सांगायचे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचं घर म्हटलं की ऐकणाऱ्याला अंदाज यायचा, कारण तुळया डोळ्यांना दिसायच्या, मोजता यायच्या. फ्लॅटच्या बाबतीत तुळयांची जागा कागदावरच्या शब्दांनी घेतली आहे. म्हणून आधी ते शब्द समजून घ्यायचे आणि मग टेप हातात घ्यायची.

कार्पेट, बिल्टअप, सेलेबल

आज कायद्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा शब्द एकच: रेराचं कार्पेट. रेरा म्हणजे स्थावर संपदा कायदा. तो २०१६ साली आला आणि त्याची मुख्य कलमं १ मे २०१७ पासून लागू झाली. त्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची फरशी. घराच्या आतल्या भिंतींखालची जागा त्यात धरायची. बाहेरच्या भिंती, डक्टची (पाइप-वायरी नेण्याच्या पोकळीची) जागा, तुमच्या एकट्याच्या वापराची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी टेरेस हे मात्र धरायचं नाही.

आतली भिंत कुठली आणि बाहेरची कुठली, यावर वाद व्हायचे. महारेरानं, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, ते स्पष्ट केलं आहे. तुमच्या फ्लॅटच्या बाहेरच्या अंगाला असलेली प्रत्येक भिंत ही बाहेरची भिंत. फ्लॅटच्या आत असलेल्या भिंती आणि सुटे खांब हे आतले. म्हणजे शेजाऱ्याच्या आणि तुमच्या मधली भिंत, किंवा लॉबीकडची दाराची भिंत, कार्पेटमध्ये येत नाही. हॉल आणि बेडरूममधली भिंत येते. बाहेरच्या भिंतीतून खोलीत पुढे आलेल्या खांबाबद्दल मात्र आर्किटेक्टला विचारून घ्या, कारण एकेका खांबाखाली दीड-दोन चौरस फूट सहज जातात.

रेराच्या आधी लोक ज्याला कार्पेट म्हणायचे ते वेगळं होतं. तेव्हा भिंतीपासून भिंतीपर्यंतची फरशी मोजायचे, म्हणजे आतल्या भिंती वगळायचे आणि बाल्कनी बहुतेक वेळा धरायचे. घर तेच, पण जुनं कार्पेट आणि रेराचं कार्पेट हे दोन आकडे सारखे येणार नाहीत. या एका गोष्टीमुळे पुनर्विकासात सोसायट्या फसतात. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते.

बिल्टअप म्हणजे कार्पेट, बाहेरच्या भिंतींची जाडी आणि बहुतेक ठिकाणी बाल्कनी. सुपर बिल्टअप किंवा सेलेबल म्हणजे त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी, कधी क्लब हाउस यांचा वाटा चढवून केलेला आकडा. या चढवण्याला धंद्यात ‘लोडिंग’ म्हणतात. सेलेबलला कायद्यात व्याख्या नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत लोडिंग वेगळं असू शकतं, म्हणून सेलेबलवरच्या दराची तुलना करून काही हाती लागत नाही. एजंट ‘साडेसहा हजारचा रेट’ म्हणाला की एकच करा: एकूण किमतीला रेराच्या कार्पेटनं भागा. दोन फ्लॅटमध्ये तुलना करायची ती या भागाकाराची.

अलीकडे ‘युजेबल’ किंवा ‘टोटल कार्पेट’ असेही शब्द ऐकू येतात. त्यात रेराचं कार्पेट, बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी (किचनलगतची धुण्या-भांड्यांची जागा) यांची बेरीज असते. त्यात गैर काही नाही, बाल्कनी तुम्ही वापरणारच आहात. फक्त ती बेरीज आहे हे माहीत असू द्या.

आधी कागद

साइटवर टेप घेऊन धावण्याआधी तीन कागद मिळवा.

पहिला, मंजूर नकाशा. माहितीपत्रकातला रंगीत नकाशा चालणार नाही. त्यात सोफा आणि पलंग मुद्दाम लहान काढलेले असतात, त्यामुळे खोली मोठी वाटते. मंजूर नकाशावर प्रत्येक खोलीची मापं मीटरमध्ये असतात आणि बाल्कनी वेगळी दाखवलेली असते.

दुसरा, करारनामा किंवा त्याचा मसुदा. त्यात कार्पेट चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असायला हवं, आणि बाल्कनी, टेरेस यांचं क्षेत्रफळ त्यापासून वेगळं. दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेली दिसली, तर सही करायच्या आधी वेगळी करून मागा.

तिसरा, महारेराच्या संकेतस्थळावरचं प्रकल्पाचं पान. तिथे इमारतीनुसार फ्लॅटचे प्रकार आणि त्यांचं कार्पेट चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. करारनाम्यातला आकडा आणि हा आकडा जुळायला हवा.

जुना फ्लॅट विकत घेत असाल तर इंडेक्स टू, म्हणजे सूची २, काढा. नोंदणी झालेल्या दस्ताचा तो सारांश असतो, त्यात क्षेत्रफळाची नोंद असते, आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. मात्र तो आकडा कार्पेटचा आहे की बिल्टअपचा, हे नीट वाचा.

रूपांतराचा हिशेब साधा आहे. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. काही जण १०.७६ धरतात, काही सरळ १०.८. ५५ चौरस मीटरच्या घरात १०.८ धरलं तर कागदावर दोन चौरस फूट फुकट वाढतात. दर चौरस फुटाला नऊ हजार असेल तर हे अठरा हजार रुपये झाले.

टेप की लेझर

दोन्ही चालतात. कापडी टेप मात्र नको, ती ताणली जाते. पाच मीटरची स्टीलची टेप घ्या. तिच्या टोकाचं हूक थोडं हलतं, तो दोष नाही. टोक अडकवून मोजताना आणि भिंतीला टेकवून मोजताना हुकाच्या जाडीचा फरक भरून निघावा म्हणून ते तसं केलेलं असतं. हातोडीनं ठोकून ते घट्ट करू नका.

लेझर मीटर एकट्या माणसाला सोयीचा, पण त्यात एक ठरलेली चूक होते. यंत्र स्वतः दहा-बारा सेंटीमीटर लांब असतं, आणि माप त्याच्या मागच्या टोकापासून धरायचं की पुढच्या, हे बटणावर ठरतं. चुकीचं बटण दाबलेलं राहिलं तर प्रत्येक माप दहा-बारा सेंटीमीटरनं चुकतं. दहा बाय दहाच्या खोलीत दोन्ही बाजूंनी तेवढं कमी लागलं तर सात-आठ चौरस फूट गायब. म्हणून घरात शिरल्यावर आधी दाराची रुंदी टेपनं आणि लेझरनं, दोन्हींनी मोजा. जुळली की पुढे चला.

मापं शक्यतो मीटरमध्येच घ्या. फूट-इंचात घेतलीत तर एका चुकीपासून जपा: १० फूट ८ इंच म्हणजे १०.८ फूट नव्हे. इंचाला १२ नं भागायचं असतं, म्हणजे १०.६७. बाराफुटी खोलीत या एका चुकीनं दीड चौरस फुटाचा फरक पडतो. शिकलेल्या माणसांच्या वह्यांतही मी ही चूक पाहिली आहे.

एक घर मोजून पाहू

माझ्या मावसबहिणीनं दोन वर्षांपूर्वी टू बीएचके घेतला. एजंटनं सांगितलं होतं ‘सेलेबल ८५०’. करारनाम्यात कार्पेट ५५.१० चौरस मीटर आणि दर चौरस मीटरला एक लाख रुपये. ताब्याच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघी आणि मावशी मोजायला गेलो. फर्निचर लागण्याआधीची ही वेळ सगळ्यात चांगली, भिंती मोकळ्या मिळतात.

आधी कागदावर घराचा कच्चा नकाशा हातानं काढला. प्रमाणात नसला तरी चालतो, पण प्रत्येक कोपरा दिसला पाहिजे. मग मुख्य दारापासून सुरुवात करून डाव्या हातानं फिरत गेलो, म्हणजे एखादा पॅसेज सुटत नाही.

माप घेताना टेप जमिनीवर ठेवायची नाही. खाली स्कर्टिंग असतं, ते भिंतीच्या पुढे सेंटीमीटरभर आलेलं असतं. कमरेच्या उंचीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजायचं. प्रत्येक खोलीची लांबी आणि रुंदी दोन-दोन ठिकाणी घ्यायची. दोन मापांत सेंटीमीटरचा फरक असेल तर सरासरी घ्या. तीन-चार सेंटीमीटरचा असेल तर खोली गुण्यात (काटकोनात) नाही. अशा वेळी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर खोली तिरकी आहे. तिचे कर्णावरून दोन त्रिकोण करून क्षेत्रफळ काढा, किंवा त्या खोलीपुरती इंजिनियरची मदत घ्या.

बाथरूममध्ये भिंतीला टाइल असते. टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून प्रत्येक भिंतीवर दोन-तीन सेंटीमीटर खाल्ले जातात. टाइल छतापर्यंत नसेल तर तिच्या वरच्या गिलाव्यावर माप घ्या. छतापर्यंत असेल तर टाइलवर घ्या आणि वहीत तसं लिहून ठेवा.

एल आकाराचा हॉल असेल तर त्याचे दोन आयत करा, आणि जोडावरची पट्टी दोन्हीकडे धरली जाणार नाही याची काळजी घ्या. खिडकीत बसायला केलेला कट्टा जमिनीपासून वर असेल तर ती खोलीची फरशी नव्हे. पोटमाळा क्षेत्रफळात येत नाही. कपाटासाठी सोडलेला कोनाडा जमिनीपर्यंत असेल तर तो येतो.

आमची मापं अशी आली, सगळी मीटरमध्ये:

हॉल ५.४५ × ३.०५ = १६.६२
किचन २.७५ × २.४५ = ६.७४
मोठी बेडरूम ३.६५ × ३.०५ = ११.१३
लहान बेडरूम ३.०५ × ३.०५ = ९.३०
आतलं टॉयलेट २.१५ × १.२५ = २.६९
बाहेरचं टॉयलेट २.१५ × १.२० = २.५८
पॅसेज २.४० × १.०५ = २.५२

एकूण ५१.५८ चौरस मीटर. म्हणजे ५५५ चौरस फूट.

मावशी तेवढ्यात म्हणाली, “अगं, बघ, साडेतीन मीटर कमीच निघालं! मी म्हणत नव्हते?” मी म्हटलं, “मावशी, थांब. हे जुन्या पद्धतीचं कार्पेट झालं. आतल्या भिंती राहिल्यात.”

आतल्या भिंतींची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजता येते. आमच्याकडे ती गिलाव्यासकट १३ सेंटीमीटर आली. नकाशावर हायलायटर घेऊन मी फक्त आतल्या भिंती रंगवल्या. दारांच्या उंबरठ्याची जागाही भिंतीच्या लांबीतच धरली, कारण तीही घराच्या आतच आहे. एकूण लांबी १८ मीटर. १८ × ०.१३ = २.३४. आता बेरीज झाली ५३.९२ चौरस मीटर, म्हणजे ५८० चौरस फूट. हे रेराचं कार्पेट.

बाल्कनी ३.०५ × १.२० = ३.६६ आणि ड्राय बाल्कनी २.४५ × ०.९० = २.२१. दोन्ही मिळून ५.८७ चौरस मीटर, ६३ चौरस फूट. ही वेगळी लिहायची, कार्पेटमध्ये घालायची नाहीत. आता एकाच घराचे आकडे समोर ठेवा: भिंतीपासून भिंतीपर्यंत ५५५, रेराप्रमाणे ५८०, बाल्कन्यांसकट ६४३, आणि एजंटच्या तोंडचे ८५०. घर तेच आहे. माझ्या बाबांनी ज्याच्यासाठी तीनदा टेप फिरवली ते हेच होतं.

करारनाम्याशी ताळा

करारात ५५.१०, मोजणीत ५३.९२. फरक १.१८ चौरस मीटर, म्हणजे २.१ टक्के.

महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात यासाठी स्पष्ट कलम आहे. बांधकाम पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी देणारा दाखला, मिळाल्यावर बिल्डरनं अंतिम कार्पेट कळवायचं. फरकाची मर्यादा ३ टक्के. त्या मर्यादेत कार्पेट कमी भरलं तर जास्तीचे पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे. वाढलं तर तो जादा पैसे मागू शकतो. दोन्हीकडे दर करारातलाच. ३ टक्क्यांची मर्यादा म्हणजे ‘३ टक्क्यांपर्यंत कमी दिलं तरी चालतं’ असं अनेकांना सांगितलं जातं. तसं नाही. १ टक्का कमी भरलं तरी १ टक्क्याचे पैसे परत यायला हवेत. ३ टक्क्यांच्या पलीकडचा फरक हा कराराचाच भंग, आणि त्यासाठी महारेराकडे तक्रार करता येते.

आम्ही बिल्डरला पत्र लिहिलं. भांडणाचा सूर नव्हता. खोलीवार मापं, भिंतींची लांबी, बेरीज आणि एक ओळ: ‘आपल्या आर्किटेक्टसह संयुक्त मोजणी करावी ही विनंती.’ त्यांचा इंजिनियर आला आणि त्यानं एक रास्त मुद्दा काढला: नकाशातली मापं गिलाव्याशिवायची असतात.

इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे. ३.०५ मीटरच्या चौरस खोलीत चारी भिंतींवर दीड सेंटीमीटर गिलावा बसला तर खोली ३.०२ ची होते आणि क्षेत्रफळ २ टक्क्यांनी घटतं. ऐकायला मोठं वाटतं. पण रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती गिलाव्यासकट धरल्याच जातात, त्यामुळे तिथला गिलावा परत हिशेबात येतो. हरवतो तो फक्त बाहेरच्या भिंतींच्या आतल्या अंगाचा गिलावा. मावसबहिणीच्या घराचा बाहेरचा घेर साधारण ३० मीटर. ३० × ०.०१५ = ०.४५ चौरस मीटर, म्हणजे पाच चौरस फुटांहूनही कमी. गिलाव्याचं कारण सांगून कुणी पंचवीस चौरस फुटांची तूट झाकत असेल, तर हा हिशेब समोर मांडा.

संयुक्त मोजणीत ५४.०२ हा आकडा ठरला. १.०८ चौरस मीटरचे १ लाख ८ हजार रुपये शेवटच्या हप्त्यात वळते झाले. एक रविवार आणि एका पत्राचे हे पैसे होते.

हा आकडा आणखी कुठे लागतो

जीएसटीत लागतो. बांधकाम चालू असलेल्या घराची किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट महानगरात ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. १ एप्रिल २०१९ पासून हे दर आहेत. मुंबई महानगर प्रदेश महानगरात येतो, पुणे येत नाही. म्हणून ६५ चौरस मीटरच्या घराला ठाण्यात ५ टक्के लागतात, तर पुण्यात किंमत बसत असेल तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला जीएसटी नाही.

मुद्रांक शुल्कात लागतो. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेला, दर बिल्टअपवर असतो. त्यासाठी रेराच्या कार्पेटला १.१ नं गुणतात, जुन्या पद्धतीच्या कार्पेटला १.२ नं. म्हणून दस्तात ‘रेरा कार्पेट’ असे दोन शब्द स्पष्ट असू द्या. नुसतं ‘कार्पेट’ लिहिलं तर जास्त मूल्यांकन होऊ शकतं.

मालमत्ता कराचंही तसंच. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर कार्पेटच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ४९० चौरस फुटांच्या घराची नोंद चुकून बिल्टअपवर झाली असेल तर त्या कुटुंबाला कर भरत बसावं लागेल. बिलावरचं क्षेत्रफळ एकदा तपासून पाहा.

स्वतःच्या जागेवर बांधत असाल तर

इथे कार्पेटचा संबंध येत नाही. ठेकेदार ‘स्लॅबचा’ दर सांगतो, आणि स्लॅब कुठून कुठपर्यंत, हे कुणी लिहून घेत नाही. समजा घर बाहेरून बाहेर ३० × २५ फूट आहे: ७५० चौरस फूट. ठेकेदारानं दीड फुटाच्या छज्जासकट स्लॅबची कड धरून मोजलं तर ३३ × २८, म्हणजे ९२४. फरक १७४ चौरस फुटांचा. दर १८०० असेल तर ३ लाख १३ हजार २०० रुपये, तेही एका मजल्याचे.

कामाला हात लावण्याआधी एका कागदावर हे लिहून दोघांनी सही करा: मोजणी बाहेरच्या गिलाव्यापर्यंत की विटेपर्यंत, छज्जा धरायचा की नाही, बाल्कनी पूर्ण की निम्मी, जिन्यावरची खोली आणि पाण्याची टाकी कशी धरायची. फरशी, गिलावा यांचा हिशेब ब्रासमध्ये असतो. क्षेत्रफळात १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, पण वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. एकाच बिलात दोन्ही येतात, तेव्हा गल्लत होऊ देऊ नका. आणि प्लॉटचा एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हजार नव्हे.

पुनर्विकासात सगळ्यात जास्त जपा

मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या राहिल्या आहेत. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, तेव्हा त्या कुटुंबाचं सगळं आयुष्य बदलतं. तिथे आकडा सरकारनं ठरवलेला आहे. खाजगी सोसायटीत तो सभासदांनी बोलणी करून ठरवायचा असतो, आणि ती बोलणी टक्क्यांत होतात: ‘आहे त्यावर २५ टक्के जादा.’

समजा तुमचं आजचं मोजलेलं कार्पेट ४५० आहे, जुन्या पद्धतीचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. २५ टक्के वाढवून ५६२.५. सभेत टाळ्या पडतात. पण नव्या करारात ‘५६२.५ रेरा कार्पेट’ असं आलं तर त्यात आतल्या भिंती आल्या. मावसबहिणीच्या घरात भिंतींचा वाटा फरशीच्या साडेचार टक्के होता. तोच धरला तर पायाखालची फरशी साधारण ५३८. वाढ २५ टक्क्यांची न राहता १९-२० टक्क्यांवर आली. त्यात जुन्या ४५० मध्ये तुम्ही बंद करून घेतलेली बाल्कनी धरलेली असेल की नसेल, यावर आणखी चाळीस-पन्नास चौरस फूट इकडे-तिकडे होतात. कुठलाही सभासद वा बिल्डर लबाडी करत नसतानाही हे घडू शकतं, निव्वळ दोन व्याख्या मिसळल्यामुळे.

म्हणून निविदा काढण्याच्याही आधी, सोसायटीनं नेमलेल्या आर्किटेक्टकडून प्रत्येक घराची मोजणी एकाच व्याख्येनं करून घ्या. माझा आग्रह रेराच्या व्याख्येचा, कारण नवं घर त्याच भाषेत मिळणार आहे. प्रत्येक घराचा एक तक्ता करा: खोलीवार मापं, आतल्या भिंती वेगळ्या, बाल्कनी वेगळी, बंद केलेली बाल्कनी आणखी वेगळी, आणि नकाशात नसलेलं वाढीव बांधकाम शेवटी. मोजणीच्या वेळी घरातलं कुणीतरी टेपचं दुसरं टोक धरून उभं असू द्या. तक्त्यावर सभासद, सोसायटीचे सचिव आणि आर्किटेक्ट, तिघांच्या सह्या त्याच दिवशी घ्या.

एखाद्या घरी आजी एकटीच असते आणि ‘तुम्ही लिहाल ते बरोबर, बाळा’ म्हणते. अशा वेळी मी टेपचं टोक त्यांच्या हातात देते, माप मोठ्यानं वाचते आणि त्यांनाच वहीत लिहायला सांगते. डोळ्यांना कमी दिसत असेल तर शेजारच्या मुलाला बोलावते. त्या वहीतली आणि माझ्या तक्त्यातली बेरीज जुळली की मगच सही घेते.